गाडीच्या विम्याचा सर्व्हेअर: तो कोण असतो, काय पाहतो आणि आपले पैसे कुठं कापले जातात

कौंडण्यपूर, ता. तिवसा : कुऱ्हा-कौंडण्यपूर रस्त्यावर रात्री रोही आडवा येणं, कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली कलंडणं, कार्तिकी यात्रेच्या गर्दीत उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून जाणं, हे आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी विमा कंपनीला फोन लावला की पलीकडून एकच उत्तर येतं, सर्व्हेअर येईल. सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा साहेब, त्यानं लिहिलं ते फायनल, असं बहुतेक लोक धरून चालतात. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. पण त्याच्या कागदावरच चाळीस हजाराच्या बिलातले तीस मिळतात, दहा मिळतात की काहीच नाही, हे बरंचसं ठरतं. म्हणून हा माणूस नेमकं काय काम करतो, हे गाडी ठोकायच्या आधीच माहीत असलेलं बरं.

आधी पॉलिसी काढून पाहा

सर्व्हेअर येतो तो आपल्या गाडीचं नुकसान पाहायला. विम्याच्या भाषेत त्याला ओन डॅमेज म्हणतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपया मिळत नाही आणि त्यासाठी सर्व्हेअरही येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं, दुखापत झाली, त्याची भरपाई. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरते. मोटार वाहन कायद्यानं सक्ती आहे ती एवढ्याच विम्याची.

इथं गावोगाव एक घोळ दिसतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला ५ वर्षांचा आणि नवीन कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. शोरूममधून गाडी घेताना पॉलिसीवर ५ वर्षांची तारीख दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. पण त्यातला ओन डॅमेजचा भाग बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षी तो भरला नाही तर विमा चालू असूनही गाडीच्या नुकसानीला काही नाही. पॉलिसीवर दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. मोबाईलमध्ये पीडीएफ उघडून आजच पाहून घ्या.

सर्व्हेअर कोणाचा माणूस?

कायद्यात याचं पूर्ण नाव सर्व्हेअर आणि लॉस असेसर. १९३८ च्या विमा कायद्यात ६४ यूएम नावाचं कलम आहे, ते १९६८ च्या दुरुस्तीनं आलं. ठराविक रकमेच्या वरच्या नुकसानीचा दावा लायसन्सधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय निकाली काढायचा नाही, असं ते सांगतं. वाहनांसाठी ही मर्यादा ५० हजार रुपये आहे. त्याखालचं नुकसान कंपनी आपल्या नोकराकडून किंवा मोबाईलवरच्या फोटो-व्हिडिओवरूनही ठरवू शकते. म्हणून बंपर-हेडलाइटच्या क्लेमला बरेचदा कोणी येतच नाही, ॲपवर फोटो टाका म्हणतात.

लायसन्स देते विमा नियामक संस्था आयआरडीएआय, जिला लोक इर्डा म्हणतात. कंपनी त्याला काम देते आणि त्याची फीही कंपनीच देते. तरी तो कंपनीचा नोकर नसतो. नुकसान किती हे निष्पक्षपणे सांगायचं, गाडीमालकाशी किंवा प्रकरणाशी आपला संबंध असेल तर ते उघड करायचं, असं त्याच्यावर बंधन आहे. आता ज्याच्याकडून रोज काम मिळतं त्याच्याकडे मन थोडं झुकतं, हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. पण कागदावर तो दोघांच्या मधला माणूस आहे, आणि भांडायची वेळ आली की हाच मुद्दा उपयोगी पडतो.

मालकानं सर्व्हेअरला एक पैसाही द्यायचा नसतो. पेट्रोलचे द्या, चहापाण्याचं पाहा, असं कोणी म्हटलं तर कंपनीकडे लेखी तक्रार करता येते. आल्यावर त्याचं ओळखपत्र आणि लायसन्स नंबर विचारा, विचारण्यात संकोच नको. ते लायसन्स मोटार विभागाचं आहे का, हेही पाहा. आगीचं, सागरी मालाचं, इंजिनिअरिंगचं, असे विभाग वेगवेगळे असतात.

आपल्याकडची पोरं या धंद्यात जाऊ शकतात, फारशी जात नाहीत. नुसत्या आयटीआयवर हे लायसन्स मिळत नाही. मोटार विभागासाठी मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा किंवा डिग्री हा सरळ रस्ता आहे. त्यानंतर जुन्या लायसन्सधारक सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिन्यांचं प्रशिक्षण, मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा आणि हैदराबादला मुख्यालय असलेल्या सर्व्हेअरांच्या संस्थेचं सदस्यत्व. अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल करून पुण्याला दहा-बारा हजारावर राबणाऱ्या पोरांनी याकडे एकदा पाहायला हरकत नाही. पगार नसतो, केसप्रमाणे फी असते. उन्हातान्हात गॅरेज पालथे घालावे लागतात आणि दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवावी लागते.

पहिला दिवस

अपघात झाला की गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची घाई होते. माणूस जखमी असेल तर दवाखाना पहिला, त्यात वाद नाही. पण गाडी हलवायच्या आधी पाच मिनिटं मोबाईल काढा. चारही कोपऱ्यांतून फोटो, नंबर प्लेट दिसेल असा फोटो, रस्ता आणि आजूबाजूची खूण दिसेल असा फोटो, किलोमीटरचा आकडा, काचेचे तुकडे, टायरच्या खुणा. रोही किंवा डुक्कर धडकलं असेल तर गाडीला चिकटलेले केस आणि रक्त पुसू नका. तो तुमचा साक्षीदार आहे.

मग कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. पीक विम्यामुळे ७२ तास हा आकडा आपल्या डोक्यात बसला आहे. गाडीच्या पॉलिसीत तसा आकडा नसतो, ताबडतोब कळवा एवढंच लिहिलेलं असतं. त्याच दिवशी कळवलं तर शंकेला जागा राहत नाही. नुकसान मोठं असेल, ट्रक किंवा ट्रॅक्टर उलटला असेल, तर कंपनी जागेवरच सर्व्हेअर पाठवते. त्याला स्पॉट सर्व्हे म्हणतात. कोणी जखमी असेल, मृत्यू झाला असेल, गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांत नोंद लागतेच. आपल्या इथं वर्धा नदीचा पूल ओलांडला की आर्वी तालुका, म्हणजे वर्धा जिल्हा लागतो. अपघात पलीकडे झाला तर नोंद तिकडच्या पोलीस स्टेशनला. विम्याला मात्र जिल्ह्याचं बंधन नाही, गाडी जिथं उभी असेल तिथं सर्व्हेअर येतो.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे सर्व्हेअर यायच्या आत दुरुस्ती करून टाकणं. ओळखीच्या मिस्त्रीनं डेंट काढला, बंपर बदलला, जुना बंपर भंगारवाल्याला दिला, आणि मग बिल कंपनीला पाठवलं. सर्व्हेअरनं न पाहिलेलं नुकसान कागदावर येणार कसं? कंपनीला न विचारता करता येणाऱ्या दुरुस्तीची मर्यादा नेहमीच्या पॉलिसीत कारसाठी ५०० रुपये असते. काढलेले जुने पार्टही क्लेम निकाली निघेपर्यंत गॅरेजमध्येच राहू द्या. दुरुस्तीनंतर सर्व्हेअर पुन्हा येऊन नवा पार्ट खरंच बसला का, जुना कुठं आहे, हे पाहू शकतो. टोचनचा खर्चही मिळतो. कारसाठी १,५०० रुपयांपर्यंत आणि ट्रक-ट्रॅक्टरसारख्या मोठ्या व्यापारी वाहनांसाठी २,५०० रुपयांपर्यंत. त्याची पावती मात्र लागते, आणि आपल्याकडे टोचनवाला पावती देत नाही ही वेगळीच अडचण. साध्या कागदावर त्याचं नाव, गाडी नंबर, रक्कम आणि सही तरी घ्या.

पुराचं वेगळं आहे. अप्पर वर्धाचे दरवाजे उघडले, नाल्यातून गाडी काढताना पाणी शिरलं, गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल मारायचा नाही. पाणी शिरल्यानं झालेलं नुकसान वेगळं, आणि पाणी असताना इंजिन चालू केल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला ते वेगळं. पहिलं विम्यात बसतं. दुसरं तुमच्या चुकीनं वाढलेलं नुकसान धरलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. सर्व्हेअर इंजिन खोलायला लावतो ते यासाठीच.

तो काय पाहतो

हा माणूस गाडी पाहताना गोष्ट ताडून पाहत असतो. मालक सांगतो त्या पद्धतीनं अपघात झाला असेल तर मार कुठं बसायला पाहिजे, किती उंचीवर, कोणत्या दिशेनं? ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळलेल्या कारची खूण आणि झाडावर आदळलेल्या कारची खूण सारखी नसते. पत्र्याच्या घडीत गंज किंवा जुनी धूळ बसली असेल तर तो डेंट कालचा नाही. दुसऱ्या गाडीचा रंग घासून लागला आहे का, तो सांगितलेल्या गाडीशी जुळतो का, हे तो पाहतो. समोर ठोकली म्हणता आणि मागच्या दाराचा पार्टही इस्टिमेटमध्ये आहे, तर तो ओळ मारणारच. एका क्लेममध्ये जुने सगळे डेंट काढून घेऊ, असं गॅरेजवालाच सुचवतो. त्यात बरेचदा खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

कागदांत आरसी, पॉलिसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, आणि व्यापारी वाहन असेल तर फिटनेस व परमिट. सर्वात जास्त खोटं बोललं जातं ते चालवणाऱ्याबद्दल. गाडी पुतण्या चालवत होता, त्याचं लायसन्स नाही, म्हणून काकांचं नाव लिहायचं. दवाखान्याच्या कागदावर जखम पुतण्याच्या नावानं, पोलिसांच्या कागदावर वेगळंच. सर्व्हेअर हे तिन्ही कागद शेजारी ठेवतो. एक खोटं सापडलं की पूर्ण क्लेम जातो, अर्धा नाही. दारू पिऊन चालवली असेल तरी जातो.

पीयूसी नसेल तर क्लेम मिळत नाही, असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो चुकीचा आहे. २०२० मध्ये आयआरडीएआयनंच तसा खुलासा केला. पीयूसी नसल्याचा दंड वेगळा, क्लेम वेगळा.

पैसे कापतात कसे

लोकांची खरी नाराजी इथं असते. बिल ४३ हजारांचं, हातात ३१ हजार, म्हणजे सर्व्हेअरनं खाल्ले. बहुतेक वेळा त्यानं खाल्लेले नसतात, घसाऱ्यात गेलेले असतात. जुना पार्ट काढून नवा बसवला तर जुन्याची झीज मालकाच्या अंगावर. त्याचे दर पॉलिसीतच छापलेले असतात आणि मुळात ते २००२ च्या मोटार टॅरिफमधून आले आहेत. प्लास्टिक, रबर, टायर, ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के कपात. फायबरवर ३० टक्के. काचेवर काही नाही. पत्र्याच्या आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: ६ महिन्यांपर्यंत शून्य, १ वर्षापर्यंत ५ टक्के, २ वर्षांपर्यंत १०, ३ पर्यंत १५, ४ पर्यंत २५, ५ पर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढं ५० टक्के. रंगाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मजुरीवर घसारा नसतो.

समजा साडेचार वर्षं जुनी, १२०० सीसीची कार आहे आणि रोही धडकला. बंपर ६,००० चा, तो प्लास्टिक, मिळतील ३,०००. बोनेट ९,००० चं, पत्रा, ३५ टक्के कापून ५,८५०. हेडलाइट ७,००० चा, प्लास्टिकमध्ये धरला तर ३,५००. समोरची काच ८,००० ची, पूर्ण ८,०००. मजुरी ५,००० पूर्ण. रंगाचे ८,०००, त्यातले २,००० मटेरियलचे, त्याचे अर्धे गेले, राहिले ७,०००. बेरीज ३२,३५०. त्यातून सक्तीचा मालकाचा हिस्सा, ज्याला कंपनीवाले एक्सेस म्हणतात, तो जातो. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,०००, त्यावरच्या कारला २,००० आणि दुचाकीला १०० रुपये. म्हणजे हातात ३१,३५०. झीरो डेपचं कव्हर घेतलं असतं तर याच बिलाचे ४२,००० मिळाले असते. नव्या गाडीला झीरो डेपचे जास्तीचे पैसे मला तरी परवडणारे वाटतात.

ही आकडेमोड घरी करता येते. गॅरेजचं इस्टिमेट हातात घ्या, प्रत्येक पार्टपुढे तो प्लास्टिक की पत्रा लिहा आणि कापून पाहा. तुमचा आकडा आणि सर्व्हेअरचा आकडा यात फार फरक असेल तर विचारायला नेमका प्रश्न मिळतो. पार्ट दुरुस्त होतो की बदलावाच लागतो, यावरून फरक पडत असेल तर गॅरेजवाल्याकडून कारण लेखी घ्या.

छोट्या नुकसानीचा क्लेम करायचा का, तेही मोजून पाहा. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत. अडीच-तीन हजारांसाठी ती सूट घालवणं बरेचदा तोट्याचं.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. मग आयडीव्हीतून एक्सेस वजा होतो, आणि भंगार स्वतःकडे ठेवलं तर त्याची किंमतही. बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर पैसे आधी तिकडे जातात. भंगार दिलं तर आरसी तुमच्या नावावर तशीच लटकत राहू देऊ नका, आरटीओत त्याचं काय केलं याचा कागद घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर, बोनेटचे बाजूचे पत्रे आणि रंग हे टोटल लॉस नसेल तर बसतच नाहीत. ट्रॅक्टर कलंडला की पहिले फुटतं तेच, म्हणून क्लेम इतका कमी येतो. यासाठी आयएमटी २३ नावाची पुरवणी थोडे जास्त पैसे भरून घेता येते. त्यात हे सगळे पार्ट ५० टक्के कापून मिळतात. एजंट स्वतःहून सांगत नाही, तुम्हीच विचारा.

ट्रॉलीचा विमा वेगळा नोंदवावा लागतो. ट्रॅक्टरची पॉलिसी आहे म्हणून ट्रॉलीचे पैसे मिळत नाहीत. शेतीच्या ट्रॅक्टरवर विटा-वाळूची भाड्याची वाहतूक केली किंवा ट्रॉलीत वऱ्हाडी बसवले, तर पॉलिसीतल्या वापराच्या अटी मोडल्या असं सर्व्हेअर लिहितो. अट मोडली म्हणून प्रत्येक वेळी शून्यच मिळेल असंही नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी गाडी टॅक्सी म्हणून चालत असताना चोरीला गेली होती. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं मालकाला ७५ टक्के द्यायचा निर्णय कायम ठेवला.

लायसन्सबद्दलही एक मोठा निकाल आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या वाहनाचं, एलएमव्हीचं, लायसन्स असलेला माणूस एकूण ७,५०० किलोपर्यंतचं व्यापारी वाहनही चालवू शकतो. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्याचा क्लेम नुसतं एलएमव्ही आहे म्हणून नाकारला असेल तर हा निकाल दाखवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आरसी नावावर झाली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, ओन डॅमेजचं येत नाही. सुप्रीम कोर्टानं हे १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करा. अमरावतीच्या बाजारातून सेकंडहँड गाड्या घेणाऱ्यांचे क्लेम इथंच अडकतात.

पटलं नाही तर

२०२४ च्या आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. सर्व्हेअर अमरावतीचा असतो, तिथून चाळीसएक किलोमीटर यायचं तो टाळतो, असं होत असेल तर या तारखा मेलवर लिहून कंपनीला आठवण द्या. फोनवर बोललेलं कुठंही राहत नाही.

अहवालाची प्रत मागा. ती देता येत नाही असं सांगतात, ते खरं नाही. त्या अहवालात मालकाला रक्कम मान्य आहे की नाही, हेही सर्व्हेअरनं लिहायचं असतं. म्हणून कोऱ्या किंवा पूर्ण समाधान झालं अशा छापील कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. मान्य नसेल तर सहीवर तसं मराठीत लिहा, चालतं.

सर्व्हेअरचा आकडा दगडावरची रेघ नाही. एका ट्रकच्या नुकसानीच्या प्रकरणात, न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार, सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये म्हटलं की सर्व्हेअरचा अहवाल दाव्याचा पाया असू शकतो, पण तो शेवटचा शब्द नाही. पक्की बिलं आणि फोटो असतील तर वेगळी रक्कम मिळू शकते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात, एक अहवाल आवडला नाही म्हणून कंपनीनं मनासारखा आकडा येईपर्यंत सर्व्हेअर बदलत राहायचं नाही, असंही सांगितलं.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. अमरावती जिल्ह्यासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नाकारल्यापासून १ वर्षाच्या आत जावं लागतं. दुसरा रस्ता अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, त्याला २ वर्षांची मुदत आहे. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. कुठंही गेलात तरी पहिले मागतात ते क्लेम नंबर, सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजचं इस्टिमेट, पक्की बिलं आणि अपघाताच्या दिवशी काढलेले फोटो.